टर्कीच्या शिकारीसाठी पहिली शॉटगन: मिझुरीत नवीन आलेल्या मराठी मंडळींसाठी

नमस्कार मंडळी. मार्च संपत आला की आमच्या सेंट लुईसच्या मराठी लोकांमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, ऑफिसमधले लोक टर्की पक्ष्याच्या शिकारीला चल म्हणतायत, बंदूक कुठली घेऊ? इथे बरीच वर्षं काढली आणि दर वसंतात रानात जातो म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. वाचा आणि मगच दुकानात जा.

बंदुकीच्या आधी व्हिसाचं बोलू, कारण आपल्यापैकी निम्मे लोक एच-वन, एच-फोर नाहीतर एफ-वनवर आहेत. अमेरिकेचा फेडरल कायदा असा आहे की नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचंच नाही. बाळगणं म्हणजे नुसतं विकत घेणं नाही, मित्राची बंदूक रेंजवर हातात घेतलीत तरी ते त्यात येतं. पण ह्याला एक अपवाद कायद्यातच लिहिलाय: तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स किंवा परमिट असेल तर चालतं. म्हणून क्रम असा ठेवा, आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परमिट, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. मिझुरीत १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला कोर्सचं सर्टिफिकेट (किंवा जाणत्या शिकाऱ्यासोबतच जायचं अप्रेंटिस ऑथरायझेशन) असल्याशिवाय बंदुकीच्या शिकारीचं परमिट स्वतःच्या नावावर घेता येत नाही, म्हणजे आपण जवळजवळ सगळेच आलो. परमिटची मुदत संपली की अपवादही संपतो आणि कपाटातली बंदूक तुम्हाला अडचणीत आणू शकते, तेव्हा ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हे सगळं विचारतात. एकही उत्तर चुकीचं देऊ नका, खोटं लिहिणं हा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे आणि बंदुकीच्या गुन्ह्यावरून माणसाला देशाबाहेर काढतात. "माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मी तुझ्यासाठी घेतो" असं कोणी प्रेमाने म्हणालं तरी हात जोडून नाही म्हणा, तोही गुन्हाच आहे, त्याचाही आणि तुमचाही. राज्याराज्यांत आणखी फरक आहेत, न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून फायरआर्म्स आयडी कार्ड काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड लागतं, त्यामुळे एडिसनच्या किंवा शिकागोच्या भावाला माझा मिझुरीचा अनुभव जसाच्या तसा लागू होणार नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, तासाभराची फी गेली तरी चालेल.

आता बंदूक. आधी टर्की कशी मारतात ते समजून घ्या, नाहीतर बंदुकीची निवड कळणारच नाही. वसंतातल्या सीझनमध्ये नर मारायचा असतो. तुम्ही झाडाला पाठ लावून जमिनीवर बसता, मादीचा आवाज काढता आणि तो नर चालत चालत तुमच्याकडे येतो. नेम धरायचा डोक्यावर आणि मानेवर. अंगावर मारायचं नाही, पिसांचा आणि छातीच्या मांसाचा थर एवढा जाड असतो की पक्षी जखमी होऊन पळतो आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरतो, आणि ते आपल्या हातून होता कामा नये. म्हणजे छर्रे मुठीएवढ्या डोक्यात आणि बारीक मानेत दाट पडले पाहिजेत. कोकणात ज्यांच्या घरी पीक संरक्षणाची बंदूक होती त्यांना बारा बोर, काडतूस, छर्रे हे सगळं माहितीच असेल, पण तिथे रानडुक्कर नाहीतर माकडं पळवायची असायची, इथे काम फार बारीक आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. पहिली बंदूक २० गेजची घ्या (गेज म्हणजे आपला बोर, आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक). दुकानदार १२ गेज, साडेतीन इंची काडतूस वगैरे दाखवेल, "मोठी घ्या, सगळ्याला चालते" म्हणेल. दहा वर्षांपूर्वी मीही १२ च म्हणालो असतो, कारण तेव्हा बहुतेक जण शिसं वापरायचे. आता टंगस्टनचे छर्रे आलेत, टीएसएस म्हणतात त्याला, आणि त्याने सगळं गणित बदललं. शिशाची घनता साधारण ११, टीएसएसची १८. जड धातू म्हणून छोटा छर्राही लांबवर जोर टिकवून ठेवतो, त्यामुळे शिशाचा ५ नंबर वापरायचे तिथे टीएसएसचा ९ नंबर पुरतो (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो). शिशाचे ५ नंबरचे छर्रे एका औंसात साधारण १७० बसतात, टीएसएसचे ९ नंबरचे ३६० च्या आसपास. म्हणजे २० गेजच्या तीन इंची, दीड औंसाच्या काडतुसात पाचशेच्या वर छर्रे, आणि १२ गेजच्या पावणेदोन औंस शिशात तीनशे. आता सांगा, खांदा कशाला फोडून घ्यायचा? एका टीएसएस काडतुसाला दहा डॉलर किंवा जास्तच पडतात हे खरं, पण सीझनभरात लागतात किती? मिझुरीत वसंतात माणशी दोनच पक्ष्यांची परवानगी आहे. आणि एक नियम, इथे टर्कीसाठी ४ नंबरपेक्षा मोठा छर्रा चालत नाही, जवळ बाळगायचाही नाही.

बंदूक अंगाला बसते का हे ब्रँडपेक्षा दहा पट महत्त्वाचं आहे आणि आपले लोक नेमकं तेच बघत नाहीत. इथल्या बंदुकांचा दस्ता आपल्यापेक्षा उंच माणसाच्या हिशोबाने केलेला असतो, ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण १४ इंच. आपण पाच फूट चार-पाच इंचवाले, त्यात वर जाड जॅकेट, मग दस्ता काखेत अडकतो आणि गाल लाकडावर नीट टेकत नाही. दुकानात जाताना शिकारीचं जॅकेट घालूनच जा, लोकांनी बघितलं तर बघू दे. दुकानदाराला बंदूक रिकामी करून दाखवायला सांगा, तुम्ही स्वतःही चेंबर बघा, नळी कुठे रोखायची ते त्याला विचारा. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. मान न हलवता पुढचा मणी सरळ नळीच्या मध्यावर दिसला तर बंदूक तुमची. मणी दिसायला मान ताणावी लागली तर ती ठेवून द्या, कितीही स्वस्त असली तरी. वहिनींसाठी किंवा कमी उंचीच्या कोणासाठीही यूथ किंवा बँटम नावाने कमी लांबीचे दस्ते मिळतात, ते लहान मुलांचे म्हणून लाजायचं कारण नाही.

कुठली घ्यायची तर पंप अॅक्शन घ्या, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायची. मॉसबर्ग ५०० आणि रेमिंग्टन ८७० ह्या दोन्ही कित्येक दशकं चाललेल्या बंदुका आहेत. मला नवीन माणसासाठी मॉसबर्ग जास्त आवडते कारण तिचा सेफ्टीचा खटका वर, अंगठ्याखाली असतो, डावखुऱ्यालाही तितकाच सोयीचा, आणि नुसतं बघून कळतं की सेफ्टी लागलीय की नाही. सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) छान असते, धक्का कमी देते, पण पैसे दुप्पट-तिप्पट आणि साफसफाई जास्त, ती पुढे कधीतरी. बजेट अगदीच कमी असेल तर स्टीव्हन्स ३०१ म्हणून मधे दुमडून उघडणारी एकनळी येते, एकच बार, पाच पौंडांच्या आसपास वजन. ही २० गेज किंवा फोर-टेनमध्येच (२० पेक्षाही बारीक नळी) घ्या, एवढ्या हलक्या बंदुकीतून १२ चं जड काडतूस मारलंत तर पुढच्या वेळी ट्रिगर दाबताना डोळे आपोआप मिटतील. नळी २४ इंच पुरे, झाडाखाली बसून वळवायला सोपी जाते. रंग मॅट किंवा कॅमो असावा, चकाकणारी नळी टर्कीला लांबून दिसते. मॅगझिनमध्ये प्लग असावा, म्हणजे एकूण तीनच काडतुसं बसतील.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायची आवळ नळी, ती छर्रे किती पसरतील ते ठरवते. टर्कीसाठी एक्स्ट्रा फुल किंवा टर्की चोक लागतो. तो तुमच्याच बंदुकीच्या आट्यांचा हवा, आणि ज्या काडतुसासाठी बनवलाय तेच त्यातून मारायचं.

आता पॅटर्निंग, म्हणजे छर्रे कुठे आणि किती दाट पडतात ते बघणं, आणि हे कोणी टाळू नये. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावायचा, मधे ठिपका काढायचा, जमिनीवर बसून, जसं रानात बसणार तसंच, एक खरं टर्कीचं काडतूस मारायचं. मग जिथे छर्रे सगळ्यात दाट पडलेत तिथे दहा इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि पेन घेऊन एकेक भोक मोजायचं. त्यात शंभर तरी हवेत. शंभर नाही भरले तर पस्तीसवर या, तीसवर या, जिथे भरतात ती तुमची मर्यादा, त्यापलीकडे पक्षी कितीही देखणा दिसला तरी बार टाकायचा नाही. वर्तुळ ठिपक्यापासून बाजूला सरकलं असेल तर नेम दुरुस्त करायचा, त्यासाठी नेमाचा लाल ठिपका दाखवणारं छोटं रेड डॉट साइट बसवून घ्या, वीस यार्डांवर स्वस्त टार्गेट काडतुसं मारून ते सेट करा म्हणजे महागडी वाया जात नाहीत. आणखी एक, पंधरा यार्डांवर मारून बघाच. एवढा आवळ चोक असला की जवळ छर्रे चेंडूएवढ्या जागेत जातात आणि पक्षी अगदी समोर उभा असताना नेम चुकतो, नवीन माणसाचे बरेच पक्षी असेच जातात. सेंट लुईसजवळ बुश आणि हेंजेस ह्या कॉन्झर्व्हेशन खात्याच्या रेंज आहेत, तिथली माणसं नवख्याला सांभाळून घेतात.

घरात १२ आणि २० दोन्ही गेज आल्या तर काडतुसं कधीही एकाच खिशात ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं, बंदूक रिकामी वाटते, माणूस मागून १२ चं भरतो आणि नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी करतात ती ह्याच कारणासाठी.

रानात लाल, पांढरं, निळं काही घालू नका, नराच्या डोक्याचे हेच रंग असतात आणि समोरच्या शिकाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. रुमाल, मोजे, टोपीची आतली बाजू, सगळं तपासा. घरात बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि पोरांचे मित्र घरी येणार असतील तर किल्ली तुमच्या खिशात.

आणि शेवटचं, हे फक्त आपल्याच लोकांना सांगावं लागतं. शिकारीची सॅक वेगळी ठेवा, तीच घेऊन इंडियाला जाऊ नका. एखाद्या चोरखिशात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स अॅक्टखाली केस होते, फ्लाइट जाते आणि सुट्टी कोर्टात जाते. मी निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक बॅग उलटी करून झटकतो, जॅकेटचे खिसेसुद्धा.