‘शेतकऱ्यांना’ आणि एक नाकारलेला पॅच

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे कोल्हापुरात सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा हंगाम. राजारामपुरीत आमच्या ऑफिसच्या खाली छपाईचं दुकान आहे, तिथं त्या दिवसांत अहवालांच्या थप्प्या लागलेल्या असतात. काही वर्षांपूर्वी दुकानातले काका एक छापलेला अहवाल घेऊन जिना चढून वर आले. संस्थेनं आयत्या वेळी कळवलं होतं की ‘शेतकऱ्यांना’ काढून सगळीकडं ‘सभासदांना’ करा. काकांनी फाईंड-रिप्लेस मारलं आणि फाईल छपाईला सोडली. सात ठिकाणी शब्द बदलला होता, नऊ ठिकाणी नव्हता. “दोन्ही शब्द सारखेच दिसायलेत की गं, मग ह्याला सापडंना कसं?” त्यांचा आठशे प्रतींचा कागद वाया गेला होता.

मी खाली जाऊन तो शब्द चिन्हागणिक सोडवून बघितला. एका ठिकाणी र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. दुसऱ्या ठिकाणी नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक करणारा हा आपला र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. नुक्त्याच्या ऱ ची रीत आज धरायची, आणि जोडचिन्हाची रीत जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेली. कागदावर दोन्ही हुबेहूब, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. अर्धा अहवाल संस्थेच्या क्लार्कनं मोबाईलवर टाईप केला होता आणि उरलेला काकांच्या दुकानात, एका मुक्त टायपिंग सॉफ्टवेअरवर. ते सॉफ्टवेअर अजून जुनी रीत वापरत होतं.

मी तेव्हा नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कोड सगळ्यांना खुला, ज्याला दुरुस्ती सुचेल त्यानं करावी, एवढंच मला ठाऊक होतं. तीन रात्री बसून पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, तयार केला आणि ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना पाठवून दिला. दोन दिवसांत उत्तर आलं: नको.

कारणं नीट दिलेली होती. शब्द सुचवणारी त्यांची यादी कित्येक वर्षं जुन्या रीतीनं साठत आली होती, नवी रीत आली की त्या सूचना बंद पडल्या असत्या. लोकांच्या जुन्या फायलींमध्ये शोध लागला नसता. सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय द्या म्हटलं, तर प्रत्येक आवृत्ती दोनदा तपासायला लागली असती. शेवटचं वाक्य होतं, ‘हे पुढं कोण बघणार?’ मी ते वाक्य वाचलं आणि त्याला उत्तरच दिलं नाही. त्याऐवजी मराठीवर अन्याय होतोय, तुम्हाला आमची भाषा कळत नाही, असं बरंच काही लिहिलं. तिथं सगळं काम दोघंजण नोकरी सांभाळून करत होते. त्यातल्या एकानं त्यानंतर माझ्याशी बोलणंच थांबवलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणूनच नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

त्या शनिवारी घरी गेले तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. ते साखर कारखान्याचे जुने सभासद. वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ आणि ‘नामंजूर’ च्या आरोळ्यांत त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तू सभासद हैस का तिथली?”

मी नव्हते. आणि तिथं सभासद व्हायची रीत काय आहे, हे मी वाचलंही नव्हतं.

सहकारात शेअर घेतला की मत मिळतं, एका सभासदाला एक. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये परवाना तुम्हाला चार गोष्टी देतो: वापरा, आतून बघा, बदला, वाटा. तुमची सूचना स्वीकारली जाईल, हे त्या चारांत कुठंही लिहिलेलं नाही. कोड तुमचा असतो, प्रकल्पाचा निर्णय तुमचा नसतो. बहुतेक नवे लोक ह्या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि तिथूनच भांडण सुरू होतं. म्हणून कुठल्याही प्रकल्पात पहिला पॅच पाठवण्याआधी निर्णय कोण घेतं ते शोधून काढा. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं येतं.

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचा गाभा, त्यात प्रत्येक भागाचे सांभाळणारे नावानिशी एका फाईलमध्ये लिहिलेले आहेत, त्यांच्यावर शेवटचा शब्द लिनस टोरवाल्ड्सचा. डेबियन या लिनक्सवरच्या प्रणालीची तर घटनाच आहे, दरवर्षी नेता मतदानानं निवडतात, आणि मत देण्याचा हक्क रीतसर डेव्हलपर म्हणून दाखल झालेल्यांना असतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वर्षानुवर्षं गिडो व्हान रॉसम यांचा शब्द अखेरचा होता. २०१८ साली एका छोट्या चिन्हावरून, कोलन आणि बरोबर, इतका वाद झाला की निर्णय आपल्या बाजूनं लागूनही त्यांनी ते पद सोडलं. पुढच्या वर्षीपासून तिथं निवडून आलेल्या पाचजणांचं मंडळ आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काकांचा अहवाल आठवला. बाहेरच्याला वाटतं, एवढ्याशा चिन्हासाठी काय! पण ते चिन्ह रोज लाखो ओळींत टाईप होणार असतं.

फीचरची भांडणं अशीच असतात, वरून क्षुल्लक वाटणारी. २००८ मध्ये पिजिन नावाच्या चॅट प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत मजकूर लिहायची चौकट आपोआप मोठी होऊ लागली आणि हातानं ओढून ती लहानमोठी करता येईना. वापरणारे म्हणाले, आमची सोय परत द्या. करणारे म्हणाले, हेच बरोबर आहे, आणखी एक सेटिंग नको. शेवटी काहीजणांनी त्याच कोडवरून वेगळा प्रोग्रॅम काढला. चौकट लहान होती, पण वाद खरा ‘वापरणाऱ्याचं किती ऐकायचं’ ह्याचा होता. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये आली तेव्हाही तसंच झालं. जुना डेस्कटॉप हवा असलेल्यांनी माटे चालू ठेवलं, लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन उभं केलं. दोन्ही आजही वापरात आहेत. मी स्वतः माटे वापरते, आणि तरीही ग्नोमच्या लोकांनी एक ठाम दिशा धरली ह्यात मला गैर वाटत नाही. सगळ्यांचं सगळं ऐकणाऱ्या प्रकल्पात सेटिंग वाढत जातात आणि ती तपासायला माणूस उरत नाही. सेटिंग फुकट मिळत नाही, तिची किंमत कोणीतरी दर आवृत्तीला मोजत असतो.

नियंत्रणाचं भांडण याहून वेगळं असतं, आणि दोन्हींतला फरक ओळखायला शिकणं फार गरजेचं आहे. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीनं सन ही कंपनी विकत घेतली आणि सनचं ओपनऑफिस हे ऑफिसकामाचं मुक्त सॉफ्टवेअर ओरॅकलच्या ताब्यात गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बऱ्याच जणांनी वेगळं होऊन लिब्रेऑफिस काढलं. इथं मुद्दा एखाद्या बटणाचा नव्हता. एका कंपनीच्या मर्जीवर किती काळ काम करायचं, हा होता. कोड सगळा बरोबर नेता आला, नाव नेता आलं नाही. ते ओरॅकलकडं राहिलं आणि पुढच्या वर्षी अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेकडं गेलं. सर्व्हर उभे करायच्या टेराफॉर्म या साधनाचंही तसंच. ऑगस्ट २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीनं परवाना बदलला, तेव्हा आधीच्या मुक्त परवान्याखालच्या कोडवरून ओपनटोफू निघालं. पॅच देताना तुमच्याकडून एखादा करार मान्य करून घेत असतील, तर तो पूर्ण वाचा. तुमचं काम पुढं दुसऱ्या परवान्याखाली द्यायची मुभा त्यात कंपनीला दिलेली आहे का, एवढं तरी बघा. सातबारा न वाचता जमिनीच्या व्यवहारात सही करायची नाही, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही कळतं.

आता फोर्कबद्दल, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प काढण्याबद्दल. आमच्या करवीर तालुक्यात भावाभावांच्या वाटण्या मी जवळून बघितल्या आहेत. एकराचा अर्धा एकर होतो, विहिरीच्या पाण्याचे दिवस ठरतात. कोडच्या वाटणीत दोघांनाही पूर्ण एकर मिळतो, म्हणून ती सोपी वाटते. पण कसणारी माणसं वाटली जातात. दहाजणांचे पाच-पाच झाले की चुका दुरुस्त करायला, भाषांतर करायला, नव्यांना सांभाळून घ्यायला दोन्हीकडं हात कमी पडतात. डेबियननं २०१४ मध्ये सिस्टमडी, म्हणजे संगणक सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम चालू करणारा भाग, स्वीकारलं, तेव्हा तांत्रिक समितीत मतं समसमान पडून अध्यक्षांच्या निर्णायक मतावर ते ठरलं होतं. नाराज झालेल्यांनी त्याच वर्षी देवुआन नावाचा फोर्क जाहीर केला. त्याची पहिली पक्की आवृत्ती यायला २०१७ चा मे उजाडला. एवढी वर्षं नेटानं काम करणारी माणसं तुमच्याबरोबर आहेत का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

तरी फोर्क वाईटच, असं मी म्हणणार नाही. कित्येकदा फोर्कमुळंच मूळ प्रकल्प सुधारला आहे. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारं साधन, फार सावकाश पुढं सरकतोय म्हणून १९९७ मध्ये काहीजणांनी ईजीसीएस काढलं. ते इतकं चांगलं चाललं की १९९९ मध्ये तेच अधिकृत जीसीसी ठरलं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमधून डिसेंबर २०१४ ला आयओ.जेएस हा फोर्क वेगळा झाला आणि पुढच्याच सप्टेंबरात नोडची चौथी आवृत्ती दोघांची मिळून निघाली. मध्ये भिंत घातली, पण बोलणं तोडलं नव्हतं.

माझ्या पॅचचं पुढं काय झालं ते सांगते. दोन महिने मी त्या प्रकल्पात काहीच मागितलं नाही. इतरांनी नोंदवलेल्या चुका घेतल्या, त्या माझ्या संगणकावर तशाच घडतात का बघितलं आणि लिहून ठेवलं. हे काम कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच कोणी करत नाही. पण त्यातून मला कळलं की ती शब्दांची यादी किती ठिकाणी वापरली जाते. मी पहिल्यांदा पाठवलेल्या पॅचनं त्यातल्या चार जागा खरोखरच मोडल्या असत्या. ‘नको’ म्हणणाऱ्यांचं बरोबर होतं.

मग मी नवा प्रस्ताव लिहिला, एका पानाचा. सुरुवातीला काकांच्या अहवालाची हकीकत: सात ठिकाणी बदल, नऊ ठिकाणी नाही. मग दोन्ही चिन्हक्रम एकाखाली एक मांडले. मग काय मोडेल त्याची यादी मीच दिली, त्यांनी विचारण्याआधी. आणि शेवटी लिहिलं की पुढची दोन वर्षं मराठीचा हा भाग मी तपासत जाईन. तुम्हाला या लेखातलं एकच काही उचलायचं असेल तर ती शेवटची ओळ उचला, पण ती लिहिलीत तर पाळा. सांभाळणाऱ्याला आणखी एक सूचना नको असते. त्याच्या डोक्यावरचं थोडं ओझं दुसऱ्या कुणी उचलावं, एवढंच त्याला हवं असतं.

वादात लिहिताना आणखी एक पथ्य मी पाळते. ‘सगळ्या मराठी लोकांना हे हवंय’ असं लिहीत नाही. राजारामपुरीतल्या एका दुकानात काय झालं, एवढंच लिहिते. आणि राग आला असेल तर उत्तर रात्री लिहून ठेवते, सकाळी ऑफिसला निघायच्या आधी परत वाचते. त्यातली निम्मी वाक्यं तेव्हाच खोडली जातात.

त्यांनी अर्धा प्रस्ताव घेतला. जुन्या फायली नव्या रीतीत बदलून देणारं छोटं साधन मी लिहून दिलं, ते आता सॉफ्टवेअरबरोबरच येतं. टाईप करताना मात्र मूळची रीत जुनीच राहिली, कारण दुसऱ्या भाषांच्या लोकांनी हरकत घेतली आणि त्यांचीही बाजू होती. मला आजही वाटतं की नवीन वापरणाऱ्याला सरळ ऱ मिळायला हवा. दरवर्षी एकदा तो मुद्दा मी पुन्हा मांडते, नवीन काही सांगण्यासारखं असेल तरच.

तोवर माझा पॅच मी वेगळा सांभाळते. नवी आवृत्ती आली की तो तिच्यावर परत बसवायचा, जिथं जमत नाही तिथं हातानं सांधायचा. गेल्या वेळी तीन ठिकाणी अडलं, पाऊण तास लागला. मग खाली जाऊन काकांच्या दोन संगणकांवर ते चढवलं. त्यांनी ‘शेतकऱ्यांना’ टाईप केलं, शोधलं, आणि अहवालातले सगळे सोळा सापडतात का ते एकेक मोजून बघितलं.