आवारात जुनं झाड आहे? या चुका टाळा

“जागा आमची, झाड आमचं, मग परवानगी कसली?” पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या बैठकांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे आणि तो खासगी आवारालाही लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं.

पहिली चूक वयाची. इमारत तीस वर्षांची म्हणून झाड तोडण्याच्या परवानगीच्या अर्जात चिंचेचं वयही तीसच लिहितात. अहो, ती चिंच तिथल्या जुन्या वाड्याच्या परसातली आहे! शेजारच्या आजोबांना विचारा, जुने फोटो काढा, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर टेपने मोजा, पालिकेच्या वृक्षगणनेतली नोंद बघा. साठ वर्षांचं झाड तोडलं तर साठ रोपं लावावी लागतात, तीही सहा ते आठ फुटी, आणि सात वर्षं जगवायची. वीतभर रोपासोबत फोटो काढून मोकळं होणाऱ्यांनी हे आधीच वाचावं.

मला सर्वात जास्त चीड येते ती छाटणीच्या नावाखाली होणाऱ्या कत्तलीची. पुण्यातल्या एका सोसायटीत पार्किंगलगत मोठा वड होता. विजेच्या तारांवर आलेल्या दोन फांद्या काढायची रीतसर परवानगी मिळाली. कंत्राटदार म्हणाला, “मजुरी नको, लाकूड नेतो.” समितीला स्वस्तात काम झाल्याचा आनंद. लाकडावर डोळा असलेला माणूस बारीक फांद्या कशाला कापेल? त्याने इमारतीकडची पूर्ण बाजू उतरवली आणि गाड्यांना अडकतात म्हणून जमिनीत रुजलेल्या पारंब्याही तोडल्या. त्या पारंब्या म्हणजे वडाचे टेकू. वळवाच्या पहिल्याच वादळात वड उरलेल्या बाजूला कलला आणि कुंपणाच्या भिंतीवर आडवा झाला. पंचनाम्याच्या वेळी अध्यक्ष परवानगीचा कागद पुढे करत होते. कागदावर दोनच फांद्या होत्या. झाडाला इजा करणं हेसुद्धा या कायद्यात तोडण्यातच मोडतं.

म्हणून मी कापायच्या फांदीवर आदल्या दिवशी चुन्याचा पट्टा ओढून घेते, परवानगीच्या कागदासह फोटो काढते आणि काम संपेपर्यंत खाली उभी राहते. मजुरी रोख द्यायची, लाकडाचा हिशेब वेगळा. सुट्टीच्या दिवशी पहाटे “पटकन उरकून टाकू” म्हणणाऱ्याला फाटकाच्या आत घेत नाही.

बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. तेवढी माती आपणही मोकळी ठेवावी. खिळे, फ्लेक्स, दिव्यांच्या माळांची आवळलेली तार, सगळं काढा.

गावाकडच्या जमिनीला शहरातला नियम लावू नका. तिथे १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ तोडण्याआधी त्याची चौकशी करा.

आणि तोडणीच्या अर्जानंतर झाडावर चिकटवलेली नोटीस फाडू नका. ती हरकती मागवण्यासाठी असते. हरकत आली की “कोण हा आगाऊ?” म्हणून भांडायला धावू नका, त्याला आवारात बोलवा, झाड दाखवा. फक्त एक फांदी काढून भागेल, हे बऱ्याचदा त्यालाच आधी दिसतं.