ओढ्यात दूषित पाणी आल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार कशी करावी

ऐन गळीत हंगामात बेळगाव भागातील घटप्रभा किंवा हिरण्यकेशी नदीला मिळणारा ओढा साखर कारखान्याच्या सांडपाण्याने काळपट दिसू लागला आणि त्याला मळीचा उग्र वास येऊ लागला, तर प्रथम जनावरांना त्या पाण्यापासून दूर ठेवावे आणि त्याच दिवशी कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातील प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी.

आपण बाटलीत भरून ठेवलेले पाणी कारवाईसाठी पुरेसे ठरत नाही, ही गोष्ट गावोगावी माहीत असायला हवी. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याला नोटीस देऊन घेतलेला, दोन भाग करून मोहोरबंद केलेला आणि प्रयोगशाळेत तपासलेला नमुनाच खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. म्हणूनच पाणी वाहत असतानाच अधिकारी तेथे पोहोचावा, हाच तक्रारीचा खरा हेतू असतो. 'आमची नदी दूषित झाली आहे' एवढेच लिहून तो साधत नाही. सांडपाणी कोणत्या सर्व्हे नंबरजवळ ओढ्यात मिसळते आणि साधारण किती वाजता सोडले जाते, हे नेमके लिहावे, कारण रात्री सोडलेल्या पाण्याचा दुपारी मागमूसही राहत नाही. तारीख-वेळ दिसणारी छायाचित्रे जोडावीत आणि पोच घ्यावी.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येत असल्याने मराठी अर्ज देण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. तरीही सोबत कन्नड प्रत जोडल्यास काम लवकर पुढे सरकते, असे मला वाटते.

प्रत्येक साखर कारखान्याला मंडळ सांडपाण्याबाबतच्या अटींसह संमतीपत्र देते. त्या अटींची नोंदवही बाधित व्यक्तीला कलम २५ खाली पाहता येते आणि ती जरूर पाहावी. साखर कारखान्याने नदी-ओढ्यात सोडलेल्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी (म्हणजे त्यातील घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. तपासणीचा अहवाल माहिती अधिकारात मागवावा. कर्नाटकात असा अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो.

अहवालात दोष आढळल्यास जलप्रदूषण कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळाला कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देता येतो, तेव्हा मंडळाला द्यायच्या दुसऱ्या अर्जात या कलमाचा स्पष्ट उल्लेख करावा. तरीही दखल घेतली गेली नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या चेन्नई येथील दक्षिण विभागीय खंडपीठाकडे, तक्रारीचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी.