भारत आणि नेपाळ: रोजगाराचे आकडे शेजारी मांडण्यापूर्वी

रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला आणि किनाऱ्यावरच्या मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे वर्षानुवर्षे येत असल्यामुळे, नेपाळमध्ये रोजगार किती आहे आणि तो घटत चालला आहे का, हा प्रश्न कोकणातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला साहजिकच पडतो. उत्तरासाठी आकडे शोधले की पहिलाच धक्का बसतो. २००८ च्या नेपाळच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षे व त्यावरील लोकांचा श्रमशक्ती सहभाग, म्हणजे त्यांतले काम करणारे किंवा काम शोधणारे यांचे प्रमाण, ८३.४ टक्के होता, तर २०१७-१८ च्या सर्वेक्षणात तो ३८.५ टक्के आहे. दहा वर्षांत अर्धा देश काम सोडून घरी बसला, असा याचा अर्थ लावणे साफ चुकीचे ठरेल. या दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात ‘रोजगार’ कशाला म्हणायचे हेच बदलले होते, आणि देशादेशांची तुलना करणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा तो याच मुद्द्याला.

त्याआधी कोणते माप घ्यायचे ते ठरवून टाकावे. बेरोजगारीचा दर बातम्यांत सर्वाधिक दिसतो, पण त्याच्या छेदात केवळ काम करणारे आणि काम शोधणारे येतात. शोधून थकलेला माणूस त्यातून बाहेर पडतो आणि दर उलट सुधारल्यासारखा दिसतो. रोजगाराची पातळी पाहायची असेल तर कामगार-लोकसंख्या गुणोत्तर, म्हणजे ठरावीक वयाच्या दर शंभर माणसांत प्रत्यक्ष काम करणारी किती, हे माप घ्यावे.

आता व्याख्येकडे वळू. राजापूर तालुक्यातील एखाद्या वाडीतली बाई डोळ्यांसमोर आणा. जुलैमध्ये ती घरच्या चार गुंठ्यांत भाताची लावणी करते आणि पिकलेले सगळे भात घरातच खाल्ले जाते. मे महिन्यात ती रातांबे फोडून, सालींना रसाची पुटे देऊन, उन्हात वाळवून आमसुले करते. त्यांतली काही घरी राहतात, काही बाजारात जातात. भारताच्या सर्वेक्षणात घरच्या खाण्यासाठी केलेली भातशेतीसुद्धा आर्थिक काम मानली जाते, म्हणून ती बाई रोजगारात मोजली जाते. आंतरराष्ट्रीय श्रम सांख्यिकीतज्ज्ञांच्या १९ व्या परिषदेने २०१३ मध्ये ठरवलेल्या मानकानुसार मात्र मोबदला किंवा नफ्यासाठी केलेले कामच रोजगार ठरते. घरच्या वापरासाठीचे उत्पादन ‘काम’ असते, पण ‘रोजगार’ नसतो. या मानकाने तिची लावणी वगळली जाईल आणि विक्रीची आमसुलेच धरली जातील. नेपाळने २०१७-१८ मध्ये हेच मानक स्वीकारले, आणि पोटापुरती शेती करणारी असंख्य माणसे आकड्यांतून बाहेर गेली. शेतात ती पूर्वीसारखीच राबत होती. म्हणून प्रत्येक देशाच्या अहवालातील संकल्पना व व्याख्यांचे प्रकरण तक्त्यांच्या आधी वाचावे. ते रुक्ष असते, पण त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट संदर्भकाळाची. भारताच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात दोन मोजण्या शेजारी चालतात. ‘नेहमीच्या स्थितीत’ मागील ३६५ दिवसांचा विचार होतो आणि ३० दिवस किंवा अधिक केलेले दुय्यम कामही धरले जाते. ‘चालू साप्ताहिक स्थितीत’ मागील ७ दिवसांत निदान एक तास काम केले का, एवढेच पाहिले जाते. २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरील बेरोजगारी पहिल्या पद्धतीने ३.२ टक्के, तर दुसऱ्या पद्धतीने ४.९ टक्के होती. बहुतेक देश आठवड्याचाच संदर्भ घेत असल्यामुळे परदेशाशी तुलना करताना साप्ताहिक आकडा निवडावा. मात्र आठवडा कोणत्या महिन्यातला, हेही पाहावे, कारण आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या काळात खलाशाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नोव्हेंबरातल्या उत्तरापेक्षा वेगळे येणारच. वेगवेगळ्या वर्षांचे तेच महिने घ्यावेत किंवा पूर्ण वर्षाची सरासरी घ्यावी.

वयोगट दोन्ही देशांना एकच लावावा. जपानमध्ये चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक ६५ वर्षांवरील असल्यामुळे ‘१५ वर्षे व त्यावरील’ हे माप तिथे म्हातारपणाचाच परिणाम दाखवते. २५ ते ५४ हा गट घेतला की तुलना न्याय्य होते.

काळाची रेषा काढताना जिथे पद्धत बदलली तिथे ती सरळ तोडावी. भारताचे हे सर्वेक्षण २०१७ मध्ये सुरू झाले, आणि जानेवारी २०२५ पासून त्याचा नमुना आराखडा, म्हणजे पाहणीसाठी घरे निवडण्याची पद्धत, बदलून मासिक अंदाज येऊ लागले. त्या ठिकाणी अलीकडचे आणि पलीकडचे बिंदू जोडू नयेत. कधी पद्धत तीच राहते, पण देशादेशांतील नियम वेगळे असतात. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेची बेरोजगारी १४.७ टक्क्यांवर गेली, कारण तात्पुरते कामावरून कमी केलेले लोक तिथे बेरोजगार धरले जातात. युरोपात सरकारी मदतीने घरी बसवलेले बहुतांश लोक मात्र रोजगारातच राहिले.

जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर एकाच मापाच्या दोन मालिका मिळतात: राष्ट्रीय अंदाज, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रतिमानातून काढलेले अंदाज. दुसरी मालिका तुलनायोग्य करून घेतलेली असते, पण सर्वेक्षण नसलेल्या वर्षांचे आकडेही तिच्यात गणिताने भरलेले असतात. दीर्घ कल पाहण्यासाठी ती घ्यावी. एखाद्या विशिष्ट वर्षी काय घडले याचा पुरावा म्हणून ती कधीही देऊ नये.

पातळी वाढलेली दिसली की तिच्या आत काय आहे ते उलगडावे. भारतात १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, पण त्याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांतील स्वयंरोजगारितांचे प्रमाण ५१.९ वरून ६७.४ टक्के झाले, आणि स्वयंरोजगारात घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याही येतात. स्वयंरोजगार, पगारी नोकरी आणि रोजंदारी हे तीन भाग वेगळे मांडल्याशिवाय अशी वाढ दुसऱ्या देशाच्या वाढीशेजारी ठेवणे मला गैर वाटते.

शेवटी, गावाबाहेर असलेल्यांचा हिशेब. घरोघरचे सर्वेक्षण तिथे राहणाऱ्यांनाच मोजते. कुवेतमध्ये नोकरी करणारा खेडचा तरुण भारताच्या अंशातही नसतो आणि छेदातही नसतो. कतारचे गुणोत्तर अतिशय उंच दिसते, कारण तिथली बहुसंख्य वस्ती कामासाठी आलेल्या परदेशी पुरुषांची आहे. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत २० लाखांहून अधिक लोक देशाबाहेर असल्याची नोंद आहे, तेव्हा नेपाळचे गुणोत्तर स्त्री आणि पुरुष वेगळे करून घ्यावे आणि बाहेर गेलेल्यांची संख्या तक्त्यात त्याच्या शेजारच्या रकान्यात लिहावी.