परतीचे पक्षी पाहायचे तर आटलेला तलाव गाठा

थंडी सरली की बरेच जण दुर्बीण कपाटात ठेवतात. माझ्या मते मार्च-एप्रिल चुकवूच नये. पाणी उतरून काठाचा चिखल उघडा पडतो आणि उत्तरेकडे निघालेले पक्षी तिथे पोट भरून घेतात. काहींवर विणीचे रंगही चढू लागतात. हिवाळाभर मळकट दिसणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा मानेला, छातीला विटकरी होतो.

भिगवणजवळचा उजनी धरणाचा काठ किंवा निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर उत्तमच. पण गावाबाहेरचा पाझर तलाव जास्त शिकवतो, कारण तिथे दर आठवड्याला जाता येतं.

उजाडता उजाडता पोहोचा. सूर्य पाठीशी ठेवून एका जागी बसा. काठाने फिरू नका. उन्हं चढली की चिखलावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून धड दिसत नाही. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते.

नवख्यांची दमछाक होते ती तुताऱ्यांपाशी, म्हणजे काठाच्या चिखलात चरणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या छोट्या पक्ष्यांपाशी. रंगावर जाऊ नका. पाय, चोच, चाल आणि उडतानाची पाठ पाहा. सतत शेपटी हलवणारी, खांद्यापुढे पांढरी पट्टी वर चढलेली ती सामान्य तुतारी. पिवळसर पाय, ठळक पांढरी भुवई आणि पाठीवर ठिपके असतील तर ठिपकेवाली. उडताना पंखांची खालची बाजू काळपट आणि शेपटीचं मूळ पांढरंशुभ्र दिसलं, तर हिरवी तुतारी. चिमणीएवढा, काळ्या पायांचा, एकसारखा टोचे मारत पळणारा तो छोटा टिलवा.

परतताना शेतांकडेही बघा. गव्हाच्या कापल्या रानावरून भोवत्या हा शिकारी पक्षी अगदी खालून तरंगत जातो. फुललेल्या पांगाऱ्यावर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे कलकलत असतात; मध्य आशियाकडे जाण्याआधीची ही त्यांची जमवाजमव.

एक काळजी मात्र घ्याच. याच दिवसांत टिटवी, कंठेरी चिखल्या आणि नदीसुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि ती खड्यांत ओळखू येत नाहीत. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला किंवा पंख मोडल्यासारखा लंगडू लागला, तर घरटं जवळच आहे. फोटो राहू द्या. पायाखाली बघत, आल्या पावलांनी मागे फिरा. गाडी तर चिखलाच्या काठावर कधीच नेऊ नका.

वहीत तारीख, जागा आणि संख्या लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकलीत तर ती इतरांच्याही उपयोगी पडते. पक्षी पहिल्यांदा दिसल्याची तारीख सगळेच लिहितात. तुम्ही शेवटचा कधी दिसला तेही लिहा. त्यासाठी तलाव रिकामा वाटू लागल्यावरही दोन-तीन आठवडे जात राहावं लागतं.