गांडुळं मोजायची असतील तर हीच वेळ, पण मापात मोजा

पुष्य-आश्लेषा नक्षत्रांचा (साधारण जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा) पाऊस बरा झाला की जमीन आतपर्यंत भिजते आणि गांडुळं वरच्या फूटभरात येतात, मोजायची असतील तर आत्ताच मोजून घ्या. एप्रिल-मेमध्ये खणून "आमच्या रानात एक पण गांडूळ राहिलं नाही" म्हणणारे भरपूर भेटतात, पण तेव्हा ती खोल ओलीत गाठ मारल्यासारखी गुंडाळून पडलेली असतात, त्या खड्ड्यावरून काहीच ठरवता येत नाही. आत्ता पण चिखलात उतरू नका, एक-दोन दिवस उघडीप मिळून वाफसा आला, म्हणजे माती ओली पण चिकटत नाही अशी झाली, की सकाळी लवकर जा. कोळपणी किंवा डवरणी (पिकाच्या ओळींमधली माती हलवून तण काढणं) नुकतीच झाली असेल तर आठवडाभर थांबा.

खड्ड्याचं माप ठरलेलं पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. 25 सेंमी लांब, 25 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल, उष्ण प्रदेशातल्या जमिनींच्या अभ्यासात हेच माप चालतं आणि असे 16 खड्डे म्हणजे बरोबर एक चौरस मीटर, त्यामुळे हिशोब सोपा जातो. लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून घ्या, ती जमिनीवर ठेवायची आणि कडेने सरळ पात्याच्या फावड्याने पटापट कापत माती उचलायची, कारण हादरे बसले की मोठी गांडुळं खाली पळतात. कुदळीने खणलं तर तुकडेच जास्त निघतात. तुकडे निघालेच तर फक्त तोंडाकडचा भाग मोजा, नाहीतर एकाची दोन होतात.

माती खताच्या रिकाम्या पांढऱ्या गोणीवर पसरा आणि एकेक ढेकूळ हाताने फोडा. कंटाळवाणं काम आहे, काळ्या जमिनीत तर एका खड्ड्याला अर्धा तास सहज जातो, पण माझ्या मते याच्याइतकी खात्रीची पद्धत दुसरी नाही. बारीक, दोऱ्यासारखी पिल्लं मुळ्यांच्या जाळ्यात अडकलेली असतात, ती घाईत सुटतात. तोंडाजवळ जाडसर पट्टा दिसला की ते वयात आलेलं गांडूळ, पट्टेवाली आणि बिनपट्ट्याची वेगवेगळी लिहा. पिल्लं भरपूर असली तर जमिनीत गांडुळांची वाढ चालू आहे. पांढरी, इंग्रजी सी सारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची आणि सहा पायांची अळी दिसली तर ती हुमणी, ती पण मोजून ठेवा, एवढं खणलंच आहे तर.

खोल बिळं करणारी गांडुळं खड्ड्यात सापडत नाहीत, त्यांच्यासाठी मोहरीचं पाणी. 100 ग्रॅम कच्ची मोहरी दळून थोड्या साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी 10 लिटर करून गाळा आणि त्यातलं थोडं थोडं खड्ड्याच्या तळाला ओता. मोहरी भाजू नका आणि पाणी पण गरम नको, उष्णतेने तिखटपणा तयारच होत नाही. दहा-पंधरा मिनिटांत गांडुळं वर येतात, ती लगेच स्वच्छ पाण्यात धुवा, मोजून झालं की सगळी ओल्या मातीत सावलीला सोडा, उन्हात गोणीवर ठेवून फोटो काढत बसू नका. काळ्या जमिनीत भेगा असतील तर पाणी सरळ भेगेत उतरून जातं, तिथे नुसतं हाताने शोधलेलं बरं. फॉर्मालिन ओतायची जुनी पद्धत अजून कोणी सांगितली तर ऐकू नका, ते माणसाला आणि जमिनीला दोघांना घातक आहे.

जागा निवडताना लोक हमखास चुकतात, बांधाजवळ, झाडाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी खणतात, तिथे गांडुळं असणारच. नागमोडी चालत एकरी पाच ठिकाणी खणा, बांधापासून आत, सरासरी काढून 16 ने गुणलं की चौरस मीटरचा आकडा आला. बांधावरचा एक खड्डा तुलनेसाठी वेगळा काढा, बांधावर भरपूर आणि रानात दोन-तीनच निघाली तर नांगरट, काडीकचरा जाळणं, औषधं यातलं काय आडवं येतंय ते शोधायला लागेल. नुसत्या वर दिसणाऱ्या विष्ठेच्या ढिगांवर जाऊ नका, काही जाती विष्ठा आतच टाकतात. आणि गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं शेणाकचऱ्यात जगणारी आहेत, ती विकत आणून उघड्या रानात सोडली म्हणून तुमचा आकडा वाढणार नाही.

तारीख, पीक, शेवटचा पाऊस कधी झाला आणि दाणेदार कीटकनाशक टाकलं होतं का, एवढं वहीत आकड्याशेजारीच लिहा. पुढच्या वर्षी याच नक्षत्रात, याच जागांच्या जवळ, याच चौकटीने खणा, तरच दोन आकडे शेजारी ठेवता येतील.