मॉड्युलर पाळणाघर उभारताय? या चुका टाळा

२०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. चालू कारखान्याच्या आवारात ते बांधायचं तर मॉड्युलर पद्धत सोयीची पडते. इकडे जोतं भरलं जात असताना तिकडे शेडमध्ये पोलादी सांगाड्यावर खोल्या तयार होत असतात. नंतर त्या ट्रेलरवरून येतात आणि क्रेनने जोत्यावर बसतात. वेळ वाचतो तो यामुळेच. मात्र ही साइट ऑफिसची पोर्टा केबिन नव्हे, कायमची इमारत आहे.

सगळ्यात महाग पडते ती ‘बघू नंतर’ ही सवय. विटांच्या बांधकामात प्लास्टर झाल्यावरही भिंत फोडून पाइप फिरवता येतो. इथे जमिनीचा सांगाडा वेल्ड झाला की ड्रेनेजची जागा ठरली. छोटे कमोड, बुटके बेसिन, लंगोट बदलायच्या ओट्यापाशी पाणी, त्या ओट्याजवळ उभं राहून बाकीची मुलं दिसतील अशी काचेची खिडकी, हे सगळं शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे ज्यावरून शेडमध्ये खोल्या बनतात त्या नकाशावर, सही होण्याआधी पक्कं हवं. म्हणून पाळणाघर चालवणाऱ्या ताईंना पहिल्याच बैठकीला बोलवा. एरवी त्यांना विचारलं जातं ते पडद्यांच्या रंगापुरतं.

दुसरी चूक भिंतीच्या आत लपते. पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला तक्ता, हलकं असतं, उष्णता छान अडवतं, पण त्यातलं पॉलियुरेथेन जळतं आणि विषारी धूर सोडतं. मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात ५ जून २००९ रोजी एका गोदामात थाटलेल्या पाळणाघराला आग लागली आणि ४९ मुलं गेली. तिथे छतात पॉलियुरेथेनच होतं. ती इमारत मॉड्युलर नव्हती, पण आगीला त्याचं काय! रॉकवूलचं, म्हणजे दगडाच्या तंतूंचं, पॅनेल घ्या, ते न जळणारं असतं. बाहेर पडायला दोन दारं ठेवा, एकमेकांपासून लांब आणि बाहेर उघडणारी. इथे काटकसर करू पाहणाऱ्याशी मी वाद घालत बसणार नाही, सरळ नाही म्हणेन.

क्रेन सहज पोचते म्हणून प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात खोल्या बसवणं हीही नेहमीची चूक. कायदा आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जायची मुभा देतो. प्रत्येक फेरीत अर्धा कारखाना ओलांडायचा तर ती मुभा कागदावरच राहते.

वाहतुकीचं थोडक्यात: मॉड्युल, म्हणजे तयार खोली, २.६ मीटरपेक्षा रुंद असेल तर वेगळी परवानगी लागते. ऑर्डर देण्याआधी रस्त्यातल्या वायरी, कमानी आणि वळणं पाहून या. कोकणात अँकर बोल्टवर, म्हणजे खोली जोत्याला जखडणाऱ्या बोल्टवर, हात आखडू नका. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीतले पत्रे कसे उडाले ते आठवा.

ताबा घेतल्यावर दार घासायला लागलं तर सुतार रंधा काढेल. त्याला थांबवा, आधी जोत्याची पातळी तपासा. एक कोपरा खचला की चौकट तिरकी होते. सांध्यातून पाणी आलं तर डाग दिसतो तिथेच सीलंट फासू नका, पाणी आत शिरतं ते बहुधा वरून. पाइपने खालून वर, एकेक सांधा भिजवत जा, म्हणजे गळती नेमकी सापडते. आणि ही चाचणी पावसाळ्याआधी, ठेकेदाराचं शेवटचं बिल चुकतं करण्याआधीच करून घ्या.